कोनान बघताना तुम्ही कुठे हसलात? (अनुभव धागा)

अर्धाकप

परवा रात्री जेवणं उरकल्यावर 'डिटेक्टिव्ह कोनान'चा एक जुना भाग लावला होता. डोंगरातलं हॉटेल, बाहेर बर्फ, फोनची तार तुटलेली, आत पाच संशयित आणि एक मयत. मी खो खो हसत होतो. बायको ओटा पुसता पुसता थबकली आणि म्हणाली, "माणूस मेलाय तिथे. हसतोस काय?"

मला धड उत्तर देता येईना. म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कुडो शिनिची हा सतरा वर्षांचा हुशार (आणि थोडा आगाऊ) शाळकरी डिटेक्टिव्ह. काळ्या कपड्यांतली दोन माणसं त्याला विष पाजतात. तो मरत नाही, पहिलीतल्या पोराएवढा लहान होतो. कुणी नाव विचारल्यावर मागच्या कपाटातल्या पुस्तकांवरची दोन लेखकांची नावं जोडून 'एदोगावा कोनान' असं ठोकून देतो आणि बालमैत्रीण रान हिच्या घरी राहायला जातो. रानचे वडील मोरी कोगोरो हे खाजगी डिटेक्टिव्ह. आओयामा गोशो यांची ही चित्रकथा 1994 साली सुरू झाली, टीव्हीवर मालिका 8 जानेवारी 1996 ला आली, आणि ती अजून चालूच आहे. अकराशेहून जास्त भाग झालेत.

मला हसू येतं ते या कोगोरोमुळे. बिअर, घोड्यांच्या शर्यती आणि टीव्हीवरची गायिका योको ओकिनो यांतून वेळ मिळाला तर हा तपास करतो. दर वेळी छाती पुढे काढून चुकीच्या माणसाकडे बोट दाखवतो. मग कोनान घड्याळातून भुलीची सुई मारतो, कोगोरो दोन गिरक्या घेऊन खुर्चीत कोसळतो, आणि कोनान सोफ्यामागून, बो-टायमध्ये लपवलेल्या यंत्रातून, त्याच्या आवाजात सगळा उलगडा करतो. पोलिसांना वाटतं हा मनुष्य डोळे मिटून विचार करतोय. 'झोपलेला कोगोरो' म्हणून त्याचं नाव होतं. जाग आल्यावर सगळे पाठ थोपटतात, आणि त्याच्या चेहऱ्यावर अर्धा सेकंद एक भाव येतो: मी केलं काय नक्की? पुढच्या अर्ध्या सेकंदात तो सत्कार स्वीकारून मोकळा. तो पहिला अर्धा सेकंद मला फार ओळखीचा आहे. अप्रेझलच्या दिवशी माझाही चेहरा असाच असतो.

2004 साली बारावीच्या सुट्टीत मामेभावाच्या कॉम्प्युटरवर पहिला भाग पाहिला तेव्हा मी शिनिचीच्या वयाचा होतो. आता अडतीस पूर्ण केली, म्हणजे कोगोरोच्या वयाचा. शिनिची अजून सतराच.

तर सांगा, तुम्ही कोनान (किंवा त्याच्या जातकुळीतलं दुसरं काही) कुणाबरोबर पाहिलंत आणि कुठे फिस्सकन हसू आलं? नाही आवडलं तरी लिहा.

मोगरावेणी

आमच्याकडे कोनानची खरी प्रेक्षक आजी. सांगलीचं घर, दुपारचे तीन, मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली आणि शेजारी आजी गवार मोडत. सबटायटल्स इंग्रजी, म्हणजे तिला त्यांचा उपयोग शून्य. पण तरुणपणी तिनं वाचनालयातून बाबुराव अर्नाळकर आणून आणून वाचलेले, त्यामुळे खून झाला की ती गवार मोडायची थांबायची.

कोनानची एक खोड आहे. मोठ्या माणसांना पुरावा दाखवायचा असला की तो बावळट पोराचा आव आणून "आरेरे?" असं ओरडतो. आजी लगेच म्हणाली, "बघ, मराठी बोलला." मी समजावलं की जपानीत त्याचा अर्थ वेगळा आहे. "वेगळा कसला? माणूस मेल्यावर अरेरे नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?"

पण खरी गंमत पुढची. मालिकेत गुन्हेगार कोण ते कळेपर्यंत त्याला नुसतीच काळी आकृती दाखवतात. सगळं अंग डांबरासारखं काळं, फक्त डोळे आणि दात. आजीचा ठाम समज होता की दर आठवड्याला हा तोच एक माणूस. चौथ्या-पाचव्या भागाला ती कमालीची वैतागली. "हा मेला परत सुटला? जामीन देतं कोण याला?"

मी हसून हसून गवारीच्या सुपात पडायची बाकी होते.

अर्धाकप

मोगरावेणी, तुमच्या आजींना जपानात मानधन मिळायला हवं होतं. अगदी याच विनोदावर एक वेगळी मालिका निघाली, 'हान्निन नो हान्झावा-सान', 2022 साली. हान्निन म्हणजे गुन्हेगार. ती काळी आकृतीच नायक. कुणाचातरी खून करायचा बेत घेऊन तो गावाकडून बेइका नावाच्या शहरात येतो. हेच कोनानचं शहर, त्यामुळे जगात सर्वात जास्त गुन्हे होणारं. तिथे आल्यावर बिचाऱ्याला आधी भाड्याची खोली शोध, नोकरी शोध हेच करावं लागतं. पाच-पाच मिनिटांचे भाग आहेत. मुंबईत खोली शोधलेल्या कुणालाही त्या खुन्याची दया येईल.

मोगरावेणी

आजी आता नाहीत. पण हे मी त्यांना नक्की दाखवलं असतं.

भूलथाप

मी व्यवसायानं भूल देते, थापा फावल्या वेळात मारते. त्यामुळे त्या घड्याळातल्या सुईवर बोलणं माझं कर्तव्य आहे.

शिरेतून दिलेलं औषधसुद्धा हातातून निघून मेंदूवर काम करायला अर्धा मिनिट घेतं. स्नायूत टोचलं तर काही मिनिटं. कोगोरो पाऊण सेकंदात जातो. बरं, जातो तो खुर्चीत बसून, मान छातीवर टाकून. झोपेचं औषध दिलेल्या माणसाची मान अशी पडली की श्वासाची वाट बंद व्हायला लागते. आमचं अर्धं काम म्हणजे पेशंटची हनुवटी वर धरून उभं राहणं. इथे कोनान मागे बसून वीस मिनिटं भाषण देतो आणि पेशंटकडे ढुंकून बघत नाही.

आणि सर्वात महत्त्वाचं: उपाशीपोटी आहे का ते विचारलं कुणी? ऑपरेशनच्या आदल्या रात्री आम्ही घसा फोडून सांगतो, बारानंतर काही खाऊ नका. कोगोरोला सुई बसते ती नेहमी भरपेट जेवण आणि चार बिअरनंतर. एकदा मी ड्यूटीवरून येऊन भाग बघत होते. तो हॉटेलच्या मेजवानीत खेकडे चापत होता, आणि मला कथानक कळण्याआधी माझ्या तोंडून निघालं, "अहो, केस पुढे ढकला!" घरातले दचकले.

माणूस शेकडो वेळा भूल घेऊन ठणठणीत आहे, घोरतही नाही. मला त्याचे रिपोर्ट बघायचेत.

जुनीसीडी

मी इंग्रजी डबिंग असलेला अवतार पाहिला होता. त्यात शिनिची झाला जिमी, रान झाली रेचेल, कोगोरो झाला रिचर्ड, आणि मालिकेचं नावसुद्धा 'केस क्लोज्ड'. नवऱ्यानं जपानीतून पाहिलेलं. लग्न ठरल्यावर दोघांनी एकमेकांना "मला एक लहान मुलाची डिटेक्टिव्ह मालिका आवडते" असं सांगितलं, आणि लग्नानंतर सहा महिने आम्ही आपापल्या मालिकेची वकिली करत भांडत होतो. मग एका रविवारी ते घड्याळ दिसलं.

अजून मी रेचेल म्हटलं की नवरा कानावर हात ठेवतो.

रेवसबंदर

बंद खोलीचे खून हा कोनानचा आवडता प्रकार. आतून कडी, आत मयत, खिडक्या बंद. उलगडा दहापैकी सहा वेळा एकच: मासेमारीचा दोरा. आमच्याकडे त्याला तंगूस म्हणतात आणि तो घरात ढिगानं असतो, कारण काका होडीवर जातात.

मे महिन्याची सुट्टी, आम्ही पाच मावस-मामेभावंडं. भाग संपल्या संपल्या प्रयोग ठरला. मागच्या खोलीच्या दाराला जुनी लोखंडी कडी, वरून खाली पडणारी. तंगुसाची दुहेरी फास कडीत अडकवली, दोन्ही टोकं दाराखालच्या फटीतून बाहेर घेतली, दार ओढून घेतलं, आणि हळूच खेचलं. पहिल्या चार वेळा तंगूस निसटला. पाचव्या वेळी आतून 'टक्' असा आवाज आला. कडी पडली! मग एकच टोक ओढून सगळा दोरा बाहेर काढला. पुरावा नष्ट. आम्ही ओसरीवर नाचलो.

नाचता नाचता धाकटीनं विचारलं, "पण आत कोण आहे?"

आत कुणीच नव्हतं. आत आजोबांची दुपारची गोळी होती, काकीनं दुपारच्या जेवणासाठी झाकून ठेवलेलं आमरसाचं पातेलं होतं, आणि दार आतून बंद होतं. खिडकीला गज. दोरा परत आत घालून कडी वर उचलता येते का हे आम्ही पाऊण तास पाहिलं. कोनान तो भाग कधीच दाखवत नाही.

शेवटी काका आले. काही बोलले नाहीत. शिडी लावली, आठ-दहा कौलं काढली, आत उतरले आणि कडी काढून दारातून बाहेर आले. मग आमच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "जपानात कौलं नसतात काय रे?"

आमरस आम्हाला सोडून बाकी सगळ्यांना मिळाला.

भूलथाप

आजोबांची गोळी कितीनं उशिरा?

रेवसबंदर

तासभर. ब्लडप्रेशरची होती. पण त्यांचं काही बिघडलं नाही, वाढलं ते काकीचं.

स्पष्टबोला

मी नाही आवडलेल्यांतला. शंभरेक भाग पाहून बोलतोय.

एक, खुनाची कारणं. कुणी कुणाच्या रेसिपीची चोरी केली, कुणी वीस वर्षांपूर्वी गिर्यारोहणात दोर सोडला, कुणी कादंबरीवर वाईट परीक्षण लिहिलं. मयत बहुतेक वेळा इतका उद्धट दाखवतात की त्यानं पहिल्या पाच मिनिटांत कुणाचा अपमान केला की आपण समजायचं, आज याची पाळी. आणि पकडला गेलेला गुडघ्यांवर बसून रडत सगळा इतिहास सांगतो. वकील मागत नाही.

दोन, काळ. जवळजवळ तीस वर्षं मालिका चालू आहे आणि गोष्टीत अजून एक वर्ष उलटलेलं नाही. सुरुवातीला कोनान सार्वजनिक फोनच्या डब्यातून रानला शिनिचीच्या आवाजात फोन करायचा. आता त्याच्या हातात स्मार्टफोन आहे, पण तो पहिलीतच. अख्खा वर्ग तीस वर्षं पहिलीत. रान बिचारी तीस वर्षं वाट बघतेय, आणि ज्याची वाट बघतेय तो तिच्याच घरात बसून तिच्या हातचं जेवतोय. यात विनोद काय आहे? मला तर संताप येतो. कराटेची चॅम्पियन मुलगी, भिंतीला भोक पाडते, आणि समोरचा चष्मा ओळखता येत नाही?

जुनीसीडी

रानचं बरोबर आहे तुमचं. पण तिला बऱ्याचदा संशय येतो, आणि दर वेळी कोनान काहीतरी नाटक रचून तो घालवतो. तेव्हा मलाही हसू येत नाही. बाकी मयताचा उद्धटपणा आम्ही घरी खेळ म्हणून वापरतो. पहिल्या पाच मिनिटांत कोण मरणार ते कागदावर लिहून घडी घालून ठेवायचं. हरणाऱ्यानं भांडी घासायची.

उन्हाळवाडा

मी नागपूरचा. इतके दिवस हत्तोरी हेइजीचं नाव कुणी काढलं नाही म्हणून आलो.

हा ओसाकाचा शाळकरी डिटेक्टिव्ह, शिनिचीचा प्रतिस्पर्धी आणि मग जिगरी दोस्त. टोकियोवाले कसे छापील बोलतात, हा मात्र ठसक्यात कान्साई बोली बोलतो. मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो तेव्हा खोलीत तीन पुणेकर आणि मी एकटा. मी "काऊन बे" म्हटलं की तिघं वहीत लिहून घ्यायचे. कोनान आम्ही एकत्र बघायचो. हत्तोरी पहिल्यांदा तोंड उघडून बोलला आणि मला जपानीचं अक्षर येत नसताना कळलं, हा आपला माणूस आहे.

त्याला कोनानचं गुपित माहीत असतं, पण जिभेवर ताबा नाही. रानसमोर धाडकन "कुडो!" म्हणून हाक मारतो आणि मग सारवासारव करत बसतो. त्याचं एक वाक्य जपानात फार गाजलंय, 'सेयाकाते कुडो'. सबटायटलमध्ये येतं, 'परंतु कुडो'. छे! मी खोलीत त्याचं भाषांतर केलं: "ते होय ना बे कुडो, पण..." तेव्हापासून हत्तोरीचे सगळे संवाद मी म्हणायचे असं ठरलं. तो आवाज बंद, माझा चालू. "तुले इतकं बी समजत नाही का कुडो? खुनी तर थ्या दाराच्या मांगंच उभा आहे!" शेजारच्या खोल्यांतली पोरं ऐकायला यायची. चार वर्षांत पुण्यानं माझ्या बोलीला मान दिला तो एवढाच, पण दिला.

ताकोयाकी

उन्हाळवाडा, मी सध्या ओसाकात राहते. इथे भाजीवाल्या आजीबाईसुद्धा हत्तोरीसारख्या बोलतात, तुमच्यावर खूश होतील.

माझा अनुभव मालिका बघण्याचा नाही, गाव बघण्याचा आहे. आओयामा गोशो हे तोत्तोरी प्रांतातल्या होकुएइ गावचे. नवरा लहानपणापासून कोनानभक्त, मी नाही. ओसाकाहून सुपर हाकुतो गाडीनं तीनेक तासांत कुरायोशी, तिथून लोकलनं युरा. युरा स्टेशनचं टोपणनावच 'कोनान स्टेशन', आणि प्रांताच्या विमानतळाच्या नावातसुद्धा 2015 पासून कोनान आहे. आपल्याकडे विमानतळाच्या नावावरून काय काय होतं ते आठवा, आणि इथे एका चित्रातल्या पहिलीतल्या पोराचं नाव!

स्टेशनपासून आओयामा यांच्या संग्रहालयापर्यंत वीसेक मिनिटांचा रस्ता. वाटेत पुतळे, पुलावर कोनान, गटाराच्या झाकणांवर कोनान. बाकी गाव म्हणजे कलिंगडाची शेतं, समुद्राकडे फिरणाऱ्या पवनचक्क्या आणि शांतता. पंधराएक हजार वस्ती असेल. वीस मिनिटांत आम्हाला दोन माणसं भेटली. दोघांनी वाकून नमस्कार केला. मी नवऱ्याला म्हटलं, "इतक्या सुशेगाद गावातल्या माणसाला एवढे खून सुचले कसे?" तो म्हणाला, "दुसरं करायला आहे काय इथे?"

मग तो एका पुतळ्याशेजारी उभा राहिला, चष्मा सरळ केला आणि बोट पुढे करून 'सत्य नेहमी एकच असतं' ही पोझ दिली. वय एकेचाळीस, पोटावर स्वेटर ताणलेला. मी फोटो काढत होते आणि मागून सायकलवरून जाणाऱ्या आजोबांनी ब्रेक लावून, अत्यंत गंभीरपणे, त्याच्या हाताचा कोन दुरुस्त केला. काही न बोलता निघून गेले. मी तिथे रस्त्यावर बसून हसले.

एनचार

जपानीच्या एन-4 परीक्षेसाठी शिकत होते (पुण्यात दर तिसऱ्या गल्लीत कुणीतरी शिकत असतं, त्यातली मी एक). कुणीतरी सल्ला दिला, मालिका बघा, कान तयार होतो. मी कोनान निवडला. कान तयार झाला, पण भलत्याच दिशेनं.

वर्गात सेन्सेईंनी विचारलं, "रविवारी काय केलंत?" बाकीच्यांनी सिनेमा, बाजार, आराम वगैरे सांगितलं. माझ्याकडे 'भाजी', 'रांग', 'पासबुक' हे शब्दच नव्हते. माझ्याकडे होते हिगाइशा म्हणजे गुन्ह्याला बळी पडलेला, शोको म्हणजे पुरावा, मिश्शित्सु म्हणजे बंद खोली. मी प्रामाणिकपणे म्हणाले, "रविवारी मी बंद खोलीत होते. पुरावा नाही." सेन्सेई बराच वेळ फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. खांदे हलत होते.

आणि मोगरावेणी, 'आरेरे' म्हणजे 'अय्या, हे काय?' अशा अर्थानं. पण आजींचंच भाषांतर जास्त बरोबर वाटतं मला.

चौथीब

मुलाच्या शाळेत वेशभूषा स्पर्धा. दरवर्षी शिवाजी महाराज, सावित्रीबाई, झाड, टूथपेस्ट हे ठरलेलं. आमच्या चिरंजिवांनी जाहीर केलं, मी कोनान. निळा कोट माझ्या बहिणीच्या जुन्या ब्लेझरचा कापून, लाल बो-टाय साडीच्या फॉलचा, चष्मा काचा काढलेला. मी खूश.

स्टेजवर गेला. परीक्षक बाई म्हणाल्या, "वा, हॅरी पॉटर!" तो म्हणाला, "नाही." दुसऱ्या म्हणाल्या, "बँडवाला का रे बाळ?" त्यानं चष्म्याच्या मधोमध बोट टेकवून कमावलेल्या गंभीर आवाजात सांगितलं, "एदोगावा कोनान. तांतेई सा." म्हणजे 'मी डिटेक्टिव्ह आहे'. सभागृहात एकच माणूस हसला, मागच्या रांगेत, कुणाचातरी दहावीतला दादा. तोही टाळ्या वाजवायला उभा राहिला.

पहिला नंबर तुळशी वृंदावनाला गेला. घरी येताना रिक्षात मुलगा गप्प. मला वाटलं रडू येतंय. मग म्हणाला, "आई, त्या तुळशीच्या पाण्याच्या बाटलीवर आणि परीक्षक बाईंच्या बाटलीवर एकच कंपासचं स्टिकर होतं. अर्धं अर्धं फाडलेलं. दोन्ही एकाच घरात आहेत."

मी चौकशी केली नाही. पण रिक्षावाले काका वळून म्हणाले, "पोराला पोलिसात टाका."

गुऱ्हाळकर

कोनान संपवून (म्हणजे दमून) मी 'कामोनोहाशी रॉन'कडे वळलो. 2023 आणि 2024, दोन सीझन, तेरा-तेरा भाग. आमानो आकिरा यांच्या चित्रकथेवरून. रॉन हा अफाट डोक्याचा डिटेक्टिव्ह, पण त्याच्यावर तपासाची बंदी. का, ते बघाच, जरा काळं प्रकरण आहे. म्हणून तो एका साध्याभोळ्या पोलिसाला, तोतोमारूला, पुढे करतो आणि श्रेय सगळं तोतोमारूला. फरक असा की इथला कोगोरो जागा आहे. त्याला माहीत आहे की हे आपलं काम नाही, आणि लोक कौतुक करायला लागले की तो शरमेनं घामाघूम होतो. मला कोगोरोपेक्षा हा जास्त आवडला.

पण मी लिहितोय ते दुसऱ्याच कारणासाठी. हा रॉन प्रत्येक गोष्टीवर कुरोमित्सु ओततो. सबटायटलमध्ये त्याला 'ब्राऊन शुगर सिरप' का काय म्हणतात. चौथ्या भागात नीट बघितलं आणि मी उडालोच. दाट, काळपट, चकाकणारं, उसाच्या रसाचं. अहो, ही तर काकवी! आमच्या घरची काकवी! कोल्हापूर जिल्ह्यात आमचं गुऱ्हाळ होतं, लहानपणी आम्ही भाकरीवर, दुधात, थेट बोटावर काकवी खाल्लेली. जपानचा महान डिटेक्टिव्ह काकवीवर जगतो हे कळल्यावर मी वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "मग डोकं चालणारच की."

पुढची चूक माझी. रॉनचं बघून एका रविवारी मी तांबड्या रश्श्यावर काकवी ओतून बघितली. घरी दोन दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही.

अर्धाकप

गुऱ्हाळकर, तुमच्यावरही तपासाची बंदी घाला.

ठाणेअंमलदाराचीलेक

बाबा सहायक फौजदार म्हणून रिटायर झाले. मी मालिका लावते, मराठीत सांगत जाते, ते बघतात. मयत दिसला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पंचनामा कुठाय?"

इन्स्पेक्टर मेगुरे येतात, हॅट सावरतात, आणि लगेच गप्पा सुरू. बाबा तळमळतात. "दोरी बांधा आधी. तो कप कशाला उचलला त्यानं? हातमोजे? पंच कोण? हे पोरगं मुद्देमालाजवळ काय करतंय?" कोनान मयताच्या तोंडाचा वास घेतो तेव्हा ते खुर्चीतून उठतात. एकदा म्हणाले, "पहिलीतल्या पोराला घटनास्थळी आत सोडलं म्हणून माझी बदली गडचिरोलीला झाली असती."

आणि त्यांचा सिद्धान्त असा की खऱ्या आयुष्यात ज्याच्यावर पहिला संशय जातो, बहुतेक वेळा तोच असतो. म्हणून त्यांना कोगोरो आवडतो. "तो माणूस बरोबर तपास करतोय. फक्त त्याच्या नशिबात केस अवघड येतात."

उन्हाळवाडा

बाबांकडून एका भागाचा पंचनामा लिहून घ्या ना ताई!

मोगरावेणी

+1. पहिल्या भागाचा. रोलर कोस्टरवाला.

ठाणेअंमलदाराचीलेक

तीन दिवस लागले, कारण त्यांनी भाग चार वेळा बघितला, थांबवून थांबवून. फुलस्केपवर, समासासकट लिहिलाय. (पहिल्या भागाचा उलगडा आहे, ज्यांना नको असेल त्यांनी पुढे वाचू नये.) जसाच्या तसा टाइप करते:

*घटनास्थळाचा पंचनामा. आम्ही खाली सही करणार पंच, मेगुरे साहेबांनी न बोलावल्यामुळे, आमच्या घरी टीव्हीसमोर समक्ष हजर राहून लिहून देतो की, ट्रॉपिकल लँड नावाच्या जत्रेतील चक्रगाडी ही अंधाऱ्या बोगद्यातून जाते. गाडीत दोन-दोनच्या चार रांगा, एकूण इसम आठ. दुसऱ्या रांगेतील पुरुष इसम हा बोगद्यातून बाहेर येते वेळी शीर धडावेगळे झालेल्या स्थितीत मिळून आला. पुढील रांगेतील महिला हिने बारीक तार मोत्यांच्या माळेत ओवून, टोकास आकडा लावून, तो रुळास अडकविला असल्याचे शाळकरी मुलाने सांगितले. तार व मोती जप्त केल्याचे दिसून आले नाही. सुरक्षा दांड्याखाली पर्स ठेवून सदर महिलेने स्वतःस मोकळे केले. पर्स सीलबंद केलेली नाही. महिलेच्या गालावर अश्रूंचे डाग आडवे मिळून आले, गाडी जोरात असल्याने अश्रू आडवे वाहिले असा मुलाचा तर्क. तर्क चांगला आहे. फोटो काढावयास हवे होते.*

*शेरा: शेवटच्या रांगेत काळे कपडे घातलेले दोन पुरुष इसम बसले होते. त्यांना घाई असल्याचे ते वारंवार म्हणत होते. साहेबांनी त्यांचे नाव, गाव, पत्ता, काहीही न घेता त्यांना जाऊ दिले. घेतले असते तर याच संध्याकाळी पोरगं वाचलं असतं व पुढील अकराशे भाग लागले नसते.*